किती माणसं राहणार?

३ फेब्रुवारी, सोमवार

फ्लॅट अठ्ठावीस तारखेपर्यंत रिकामा करून द्यायचा आहे. घरमालक खर्चे यांनी दुपारी फोनवर दुजोरा दिला. मुलाचं लग्न एप्रिलमध्ये. सून याच फ्लॅटमध्ये राहील. ‘वानखडे साहेब, अकरा वर्षं झाले, सांगाले जीभ रेटत नाई, पन...’ रेटली शेवटी. चांगला माणूस आहे. अकरा वर्षांत भाडं तीनदाच वाढवलं.

मंदाला कळवलेलं नाही. ती ऑक्टोबरपासून डोणगावला माहेरी, भावाकडे.

संध्याकाळी पेपरच्या डेस्कवरून प्राचीचा फोन. रविवारच्या पानासाठी नांदुऱ्यातल्या हायवेकडच्या नव्या कॉलन्यांमधली घरभाडी हवीत, खोल्यांप्रमाणे. वन आरके, म्हणजे एक खोली आणि किचन; मग वन बीएचके, टू बीएचके. ‘काका, चौकट पाहिजेच. वीस तारखेपर्यंत.’ देतो म्हटलं. नाहीतरी घर शोधायचंच आहे. एका फेरीत दोन कामं. तिला हे बोललो नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

शकीलभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात. गावातली कोणती खोली कधी रिकामी होणार, हे त्याला भाडेकरूच्या आधी कळतं.

‘बातमीसाठी का सोतासाठी?’

‘दोन्ही.’

‘मंग दलाली एकाचीच लावतो. बोला, किती मानसं राहनार?’

‘दोघं.’

तोंडातून गेलं. सत्तावीस वर्षं हेच उत्तर दिलंय, कुठेही, कोणीही विचारलं तरी. रेशन दुकान, जनगणना, लग्नाची आमंत्रणं. रश्मी होती तेव्हा तिघं, ती सासरी गेल्यावर पुन्हा दोघं.

‘दोघं? मंग वन बीएचकेच पाहा भाऊ. वन आरकेत मियाँ-बीवीनं भांडून जाव कोठी? एक रूम तं रुसाले पायजे का नाई!’

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

त्याचे दर टिपून घेतले. वन आरके अडीच ते तीन हजार. वन बीएचके चार ते साडेचार. टू बीएचके सहाच्या पुढे. पक्के नाहीत, फिरून तपासायचे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सात घरं पाहिली. तीन वन आरके, तीन वन बीएचके, एक टू बीएचके. पाय दुखतायत.

एक गोष्ट लक्षात आली. भाडं खोल्यांवर आहे असं सगळे सांगतात, पण ठरतं डोक्यांवर. कॉलनीत नळ अजून आलेला नाही. सगळं बोअरवर, मार्चनंतर टँकर. म्हणून मालक टाकी पाहतो, मग माणसं मोजतो, मग आकडा बोलतो. एकाने तोच टू बीएचके चौघांना सहा हजार आणि सहा जणांना सात हजार सांगितला. आंघोळी मोजून. बातमीत हे वरच घ्यायचं.

दुसरं. एका मालकिणीला बातमीसाठी म्हणून विचारलं, एकटा माणूस आला तर काय भाडं?

‘नाई देत. बायामानसं राहतात अठी.’

‘कॉलेजचा पोरगा नाही हो. वयस्कर. नोकरीवाला.’

‘वयस्कर मानूस एकटा काऊन राहीन? काईतरी असन त्याचं.’

वहीत लिहून घेतलं. तिच्यासमोरच.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटचं घर पाहून झाल्यावर पुढे चालत गेलो. जायचं नव्हतं. त्या लेआऊटच्या फाटकाची कमान अजून उभी आहे. आत तुरीची कापलेली धसकटं. आमच्या प्लॉटचे चार दगड आहेत जागेवर. बाराव्या नंबरचा.

घटनाक्रम एकदा लिहून ठेवतो. चार महिने टाळलं.

प्लॉट मंदाने घेतला. चार वर्षं शाळांचे गणवेश शिवून आणि दोन बांगड्या मोडून. माझा त्यात एक रुपया नाही. ऑक्टोबरातला मंगळवार. दुपारी चारला, घर बांधायला लागणारी अकृषक परवानगी नसलेल्या लेआऊटची यादी माझ्या हाती आली. तिसरं नाव आमच्या लेआऊटचं. सहाला बातमी पाठवली. नऊला जेवायला बसलो.

छापून येईपर्यंत बातमी घरात सांगायची नाही, हा नियम मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाळला. मं.ला त्याचं कौतुक होतं. पाहुण्यांना सांगायची, ‘आमच्या घरी बातमी पेपरवाला टाकते, तवाच मले समजते.’

जेवताना घराचं बोलणं निघालं. मी जेवलो.

सकाळी तिने पेपर उघडला. चहा केला, मला दिला. तिसऱ्या दिवशी शिलाई मशीन टेंपोत घालून डोणगावला गेली.

बातमी बरोबर होती. एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. त्यात एक गोष्ट गाळली आहे. आजही लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घर सापडलं. इंगळे सर, निवृत्त शिक्षक, त्यांचा तळमजला. वन बीएचके, चार हजार. दोन माणसांची टाकी. हॉलला उजेड. ओट्यासमोर पूर्वेची खिडकी, तिच्यातून रेल्वेची लाईन दिसते. मालगाडी गेली, डबे मोजले, एकोणसाठ.

पसंत आहे म्हटलं, ॲडव्हान्स काढायला खिशात हात घातला, तर सरांच्या मंडळी, प्रमिलाताई, मध्ये पडल्या.

‘थांबा भाऊ. ताईनं पाह्यलं का?’

‘कोणी?’

‘तुमच्या घरच्यांनं! ओटा बाईनं पाह्यल्याशिवाय मी ॲडव्हान्स घेत नाई. दोन भाडेकरी गेले ना ओट्यापायी. एकीले उंच, एकीले ठेंगना. मानसं घर पाहून जातात अन् बाया येऊन रडतात.’

सर म्हणाले, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. या गल्लीत सगळ्यांनीच आता ही रीत लावून घेतली आहे म्हणे. बाई येते, ओट्याशी उभी राहते, हात टेकवून पाहते, मग बोलणी.

‘तं कवा आनता? बावीसपर्यंत थांबतो आमी.’

आणतो म्हटलं.

सांगता आलं असतं. तिथेच, दारात. एक वाक्य होतं. पण मग ‘काईतरी असन त्याचं’ हे मला पुन्हा ऐकावं लागलं असतं, आणि या वेळी बातमीसाठी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मं.ला फोन केला. महिन्याने. आधी कागदावर मुद्दे काढले, मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारायला काढतात तसे.

घर सोडावं लागतंय, सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. मागून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

‘किती खोल्यांचं पाहून राह्यले?’

‘तू सांग.’

‘मले कायले इचारता? जो राहीन त्यानं ठरवाव.’

मशीन पुन्हा सुरू. ओट्याचा मुद्दा राहिलाच. कागद तसाच हातात.

१६ फेब्रुवारी, रविवार

डोणगावला जाऊन आलो. खामगावला गाडी बदलली, मेहकरला चहा. चार तासांच्या वर लागले.

मेव्हण्याचं घर बाजाराच्या मागे. मं.ला मागच्या दोन खोल्या दिल्यात. तिथे मशीन, भिंतीला निळे गणवेश टांगलेले, दाराला खडूने लिहिलेली मापं. शेजारची बाई ब्लाऊज न्यायला आली होती, मला पाहून तिच्याशी डोळ्यांनी काही बोलली आणि गेली. मं.चे केस कानाजवळ पांढरे झालेत. की आधीच होते?

पिठलं-भाकर वाढली. समोर बसली, जेवली नाही.

मी सांगितलं सगळं. इंगळे सर, ओटा, बावीस तारीख. मग, न ठरवता, म्हणालो, ‘त्या रात्री सांगितलं असतं तरी प्लॉट काही वाचला नसता, मंदा.’

‘प्लॉटचं कोन म्हनून राह्यलं?’

शांत होती. इतकी शांत की भाऊ बाहेरच्या खोलीत होता त्यालाही ऐकू गेलं नसेल.

‘मी क्यालेंडरच्या कागदावर घर काढून दाखोत होती तुमाले. इकडं ओटा, इकडं खिडकी. तुमाले ठाव होतं तठी घर होत नाई. अन् तुमी भाकर मोडता मोडता म्हनले, खिडकी मोठी घे.’

हीच ती गाळलेली गोष्ट.

‘चूप बसले असते तरी चाललं असतं मले. सत्तावीस वर्षं तुमी चूप बसले, मी कधी काई म्हनलं? पन तुमी म्हनले, मोठी घे. पूर्वेकडं घे, म्हनले.’

मी म्हणालो होतो. तिचा चेहरा इतका आनंदी होता, म्हणून म्हणालो. हे तिला सांगितलं नाही. हे सांगण्यासारखं कारण नाही.

ताटातली भाकर संपवली. उष्टं टाकलं असतं तर तेही तिलाच काढावं लागलं असतं.

निघताना दारापर्यंत आली. ‘शनिवारी येतो पाहाले. पाहाले येतो म्हनली. राहाले येतो असं तठी कोनाले सांगसान नोका.’

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. हरभऱ्याची शेतं पिवळी पडलीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाड्याची बातमी पाठवली. सहाशे शब्द आणि चौकट. वेळेत. चौकटीत चार रकाने केले होते: खोल्या, भाडं, पाणी, आणि ‘एकटा राहणारा’. चौथ्यात तिन्ही ओळींपुढे रेघ.

प्राचीचा फोन. ‘काका, या शेवटच्या कॉलममध्ये आकडाच नाहीये.’

‘नाहीच आहे आकडा.’

‘मग कशाला? काढते हं. जागा वाचेल.’

काढ म्हटलं. तिचं बरोबर आहे. मीही काढला असता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मं. साडेअकराच्या गाडीने आली. निळ्या काठाची साडी. स्टँडवरून ऑटोने गेलो. ऑटोवाला ओळखीचा, ‘वहिनी, लय दिवसानं’ म्हणाला. ‘हाव, कामं होते,’ ती म्हणाली. खोटं नाही ते.

प्रमिलाताईंनी हळदी-कुंकू लावलं. मग दोघी किचनमध्ये. मी आणि सर हॉलमध्ये, रेल्वेच्या नव्या गाड्यांवर बोलत. सर बोलत होते. मी आतलं ऐकत होतो.

नळाची चावी फिरवल्याचा आवाज. ओटा कितीचा, फडताळाला उंदीर लागतो का, गॅसची नळी कुठून काढायची. मं. एकेक विचारत होती, घर घेणाऱ्या बाईसारखं. ओट्याला हात टेकवून उभी राहिली असणार. प्रमिलाताई म्हणाल्या, ‘तुमच्या उंचीले बराबर हाय बाई, जसा मापानं केला!’ मं. हसली. तिचं हसणं चार महिन्यांनी ऐकलं, भिंतीपलीकडून.

त्या पाच-सात मिनिटांत मी सामान लावून टाकलं. पलंग कुठे, कपाट कुठे, तिची मशीन खिडकीजवळ. सर काय बोलले ते आठवत नाही.

दोघी बाहेर आल्या. चहा झाला.

‘मंग ताई, पसंत नं?’

‘घर लय चांगलं हाय,’ मं. म्हणाली. कप खाली ठेवला. ‘पन मी राहनार नाई अठी. हे एकटे राहतीन. आधीच सांगून देतो, मागून तुमाले असं वाटाले नोको का लपवलं.’

सर माझ्याकडे पाहायला लागले. प्रमिलाताई तिच्याकडे.

‘म्हंजे...’

‘मी डोनगावले राहतो. माहं काम हाय तठी. भांडन नाई आमचं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मानूस सरळ हाय. तंबाखूची बी सवय नाई. पानी कमी लागते त्याईले, एक बालटी. दूध उतू जाते कवा कवा, लिहत बसले का ध्यान राहत नाई, तेवढं फक्त तुमी वास आला तं आवाज देजा. भाडं एक तारखेले देतीन, इचारा लागनार नाई. पाहुने-रावळे नाई. एकटा मानूस म्हनून भेव नोका.’

मी तीस वर्षं लोकांबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतोय. माझ्याबद्दल कोणी असं सांगताना कधी ऐकलं नव्हतं. एकही गोष्ट चुकीची नव्हती. उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

सर म्हणाले, आम्ही विचार करतो. प्रमिलाताई मं.चा हात हातात घेऊन फाटकापर्यंत आल्या.

स्टँडवर गाडी लागलेली होती. विचारलं, ‘त्यांनी नाही म्हटलं तर शकीलभाईकडे एक वन आरके आहे. तोच घेऊ का?’

‘नोका. वन बीएचकेच पाहा.’

‘का?’

‘काऊन म्हंजे? तीस वर्षांचे पेपर कोठी ठेवसान?’

गाडी सुटली. खिडकीतून पाहिलं नाही तिने. किंवा मी नीट पाहिलं नाही, गर्दी होती.

पेपरांसाठीच म्हणाली. त्याहून जास्त काही म्हणाली नाही. मी त्यात भर घालू नये.

२३ फेब्रुवारी, रविवार

बातमी छापून आली, पान चार, वरच्या अर्ध्यात. सकाळी शकीलभाईचा फोन.

‘भाऊ, काय केलं बे हे! सगळे मालक पेपर घेऊन बसले. तुमी अडीच ते तीन लिहलं तं अडीचवाले बी तीन मांगून राह्यले. माह्या पोटावर पाय देल्ला तुमी!’

‘चूक आहे का काही?’

‘चूक नाई, तेच तं रडनं हाय.’

मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘भाभी आल्त्या म्हने काल. बरं वाटलं.’ हो म्हटलं.

रश्मीचा फोन संध्याकाळी. आईने तिला सगळं सांगितलंय. ‘बाबा, तुम्ही रडलात का तिथे?’ नाही म्हटलं. ‘आई रडली,’ ती म्हणाली. ‘गाडीत. मेहकरपर्यंत.’

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बांधाबांध. ताटं सहा, वाट्या अकरा. दोन खोकी केली. कोणत्या खोक्यात काय हे वर लिहायला घेतलं आणि ‘किचन’ एवढंच लिहिलं दोन्हींवर.

क्यालेंडरचा तो कागद सापडला नाही. तिने नेला असेल, किंवा फाडला असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

इंगळे सर बाजारात भेटले. माझीच वाट पाहत होते असं वाटलं. म्हणाले, माझी काही हरकत नाही, पण घर हिचं. हिने चार दिवस एकच लावलंय. एकट्या माणसाला घर देणार नाही असं म्हणत नाही, देते असंही म्हणत नाही.

‘मग?’

‘तुमच्या मिसेसचा नंबर घेतलाय तिनं त्या दिवशी. म्हणते, मी एकदा त्या बाईशी फोनवर बोलते, मग सांगते.’

‘काय बोलणार?’

‘तेच तर मी विचारलं. म्हणते, बायकांचं आहे, तुम्ही मधात पडू नका.’ सर कसनुसं हसले. ‘उद्या सकाळी बोलेल. दहापर्यंत तुम्हाला कळवतो.’

मं.ला फोन करून आधी सांगावं, असं स्टँडपासून घरापर्यंत वाटत राहिलं. प्रमिलाताई विचारतील, तू असं असं सांग. नंबर काढलासुद्धा. मग ठेवला. तिला जे सांगायचं ते ती सांगेल. येणार आहे म्हणेल, नाही म्हणेल, कधीतरी म्हणेल. मला दहा वाजता कळेल.

खर्चे यांना उद्या दुपारी बाराला किल्ली द्यायची आहे. टेंपो अकराला येतोय. ड्रायव्हरने पत्ता विचारला. सामान भरून होईपर्यंत सांगतो म्हटलं.